नखाखालची गाठ आणि कोणी न ऐकलेलं वाक्य

दुर्मीळ आजाराचं निदान उशिरा झालं की आपण डॉक्टरांना सहज माफ करतो. आजारच दुर्मीळ, त्याला कोण काय करणार? निदान एका आजाराच्या बाबतीत तरी मला हे पटत नाही. तो आजार म्हणजे ग्लोमस ट्यूमर, रक्तवाहिनीशी जोडलेली एक साधी, निरुपद्रवी गाठ. ती दुर्मीळ आहे हे खरं. हाताला होणाऱ्या गाठींमध्ये तिचं प्रमाण शंभरात एक ते पाच इतकंच धरतात. पण ती ओळखायला लागतं काय? एक टाचणी, रक्तदाब मोजायचा पट्टा आणि समोरच्या बाईचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायची तयारी. पहिल्या दोन गोष्टी प्रत्येक दवाखान्यात असतात.

आधी ही गाठ काय असते ते सांगतो. आपल्या बोटांच्या टोकांशी, त्वचेच्या आत, धमनीतलं रक्त थेट शिरेत सोडणाऱ्या अगदी बारीक आडवाटा असतात. थंडीत रक्त किती रोखायचं, उकाड्यात किती सोडायचं, हे त्या ठरवतात. या वाटांभोवती स्नायूंसारख्या पेशींचं वेष्टन असतं. त्या पेशी वाढल्या की गाठ होते. आकार बहुधा काही मिलिमीटर, डाळीच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान. पण ती बऱ्याचदा होते नखाखाली. वर कडक नख, खाली हाड, फुगायला जागा नाही. त्यामुळे दाण्याएवढी गाठ माणसाला रात्रभर जागं ठेवते. तीस ते पन्नास वयाच्या बायकांमध्ये नखाखालची ही गाठ जास्त दिसते.

तिची तीन लक्षणं पाठ्यपुस्तकात पूर्वीपासून आहेत: अधूनमधून उठणारी जीवघेणी कळ, एकाच बिंदूवर बोट लावलं तर सहन न होणं, आणि गार पाणी किंवा गार हवा लागली की कळ वाढणं. एडिंबरोच्या विल्यम वूड यांनी १८१२ मध्येच त्वचेखालच्या अशा दुखऱ्या गाठींचं वर्णन केलं होतं. त्या नेमक्या कशापासून बनतात हे पिएर मासाँ या फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये दाखवलं. म्हणजे विज्ञानाला ही गाठ नवी नाही.

माझ्या एका खालाला ही गाठ होती. सोलापुरात राहते, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातून काज-बटणाचं काम घरी आणून करते. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख दुखायचं. सुईचा मागचा भाग लागला, शर्टाची कॉलर दुमडताना बोट दाबलं गेलं, की डोळ्यांत पाणी. काम निम्म्यावर आलं आणि नगावर मिळणारे पैसेही निम्मे झाले. हे सहा वर्षं चाललं. या सहा वर्षांत मानेचा एक्स-रे निघाला, मग मानेचा एमआरआय निघाला, गळ्याला पट्टा लागला, नसांच्या गोळ्या झाल्या. शेवटी एका डॉक्टरांनी मनावर घेऊ नका म्हणत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

आणि खाला पहिल्या दिवसापासून एकच वाक्य सांगत होती: ‘फजरच्या वजूला टाकीतलं गार पाणी लागलं की या एका नखात सुरी फिरते.’

वाचकहो, हे वाक्य परत वाचा. गार पाणी, एकच नख, सुरीसारखी कळ. याहून नेमकं सांगता येत नाही. हे ऐकून कोणी म्हणालं, गरम पाण्याने वजू करा. सल्ला चांगलाच होता, तिने तो पाळलाही. पण गार पाण्यानेच का दुखतं, हा पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही.

आता जे लिहितो ते आपल्याच घरातल्या पुरुषांना आवडणार नाही. खाला हे वाक्य घरात सांगत होती. दवाखान्यात बोलायचे खालू. बाई बुरख्यात शेजारच्या खुर्चीवर, आणि डॉक्टरांनी ‘काय होतंय?’ विचारलं की उत्तर नवऱ्याकडून: ‘हात दुखतो हिचा.’ झालं! नखाचा झाला हात, गार पाणी गळून पडलं. हात दुखतो म्हटल्यावर कुठलाही डॉक्टर मान, खांदा, मनगटाची दबलेली नस यांचाच विचार करणार, आणि तो चुकीचाही नाही, कारण हात दुखायची नेहमीची कारणं तीच आहेत. खालू वाईट माणूस नाहीत. एमआरआयसाठी त्यांनी उसने पैसे आणले. पण बायकोचं दुखणं आपण सांगितलं की सोपं होतं, हा त्यांचा समज आपल्या किती घरांत आहे ते आठवून बघा. (फक्त आपल्याच घरांत आहे असंही नाही. ओपीडीच्या बाकावर बसून पाहिलं की सगळ्या समाजांचे नवरे बोलताना दिसतात.)

डॉक्टरांची बाजूही मला कळते. सरकारी असो की खासगी, रांग दाराबाहेर गेलेली असते. अशा वेळी तपासणी लिहून देणं हे बोट हातात घेऊन बघण्यापेक्षा लवकर होतं. पण मानेच्या एमआरआयमध्ये नखाखालची गाठ कशी दिसणार? बोटाचाच एमआरआय काढला तर ती बहुतेक वेळा दिसते, चांगल्या सोनोग्राफीतही दिसते. अगदी बारीक असेल तर तिथेही निसटू शकते. साध्या एक्स-रेत कधी बोटाच्या हाडाला पडलेली खाच दिसते, पुष्कळदा काहीच दिसत नाही. मशीनला कुठे बघायचं हे आधी माणसाने सांगावं लागतं.

ते सांगायच्या दोन युक्त्या आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लव्ह या शल्यविशारदांनी १९४४ मध्ये पहिली मांडली. टाचणीच्या डोक्याने किंवा पेन्सिलीच्या टोकाने नखावर ठिकठिकाणी हलकेच दाबत जायचं. गाठीच्या नेमक्या जागी रुग्ण हात ओढून घेतो, जरा बाजूला दाबलं तर काही नाही. दुसरी १९७० मधली, हिल्ड्रेथ यांची. हात वर धरून रक्त उतरू द्यायचं, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवायचा, आणि परत त्याच बिंदूवर दाबायचं. रक्त थांबलेलं असताना दुखणं गायब होतं, पट्टा सोडला की परत येतं. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम. खालाच्या बाबतीत हे पुण्यात झालं, हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरांकडे. त्यांनी खालूंना हाताने थांबवलं आणि विचारलं, ‘ताई, तुम्ही सांगा. कधी दुखतं?’

एक अडचण मात्र तिथेही आली. मेंदी. गाठ असेल तर नखातून निळसर-लाल ठिपका किंवा रेघ दिसू शकते. खालाच्या नखांवर ईदची मेंदी होती आणि नखावरची मेंदी धुऊन जात नाही, नख वाढेल तशी पुढे सरकते. त्याला चार-सहा महिने लागतात. म्हणून आयाबहिणींना सांगणं आहे, जे नख दुखतं तेवढं तरी मेंदीविना ठेवा.

गाठीचं नाव कळल्यावर घरात वेगळाच गोंधळ झाला. ट्यूमर म्हणजे कॅन्सर, असं धरून खालाची मुलगी रडायला लागली. भाच्याने मोबाईलवर शोधलं तर कानाच्या आणि मानेच्या गाठींची भयंकर चित्रं निघाली. त्या गाठींनाही जुन्या सवयीने ‘ग्लोमस’ म्हणतात, पण त्या वेगळ्याच पेशींच्या, वेगळा आजार. बोटातली ही गाठ कॅन्सरची निघणं फारच विरळा.

बोट बधिर करून, नख उचलून गाठ काढतात. बहुधा त्याच दिवशी घरी. काढलेला तुकडा तपासायला पाठवायचाच, निदान पक्कं तिथेच होतं. नवीन नखावर कधी रेघ राहते. गाठीचा अंश मागे राहिला तर ती पुन्हा होऊ शकते, शेजारी दुसरीही असू शकते. अशा गाठी एकापेक्षा जास्त बोटांत असतील तर अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का, हे डॉक्टरांना दाखवावं, कारण न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात त्या जास्त होतात. आणि शस्त्रक्रियेला काही महिने होऊनही जुनीच कळ जुन्याच जागी उठत असेल, तर टाके दुखत असतील म्हणून घरी बसू नये. त्याच डॉक्टरांकडे परत जावं, आणि या वेळीही बोलायचं बाईनेच.