पॉझिटिव्ह म्हणजे किती?

सोयाबीनची सोंगणी आटोपली की ओपीडीत सुजलेल्या हातांची रांग लागते. गेल्या हंगामात रिसोडकडची पस्तिशीतली एक शेतमजूर बाई आली. "डाक्टरसाब, सकायी बोटं वयतच नाई. भाकर थापता येत नाई." दोन्ही मनगटे फुगलेली, बांगड्या काढून पदराच्या गाठीत बांधलेल्या. पिशवीत दीड वर्षातले तीन रिपोर्ट होते आणि तिन्हींवर एकच ओळ होती: आरए फॅक्टर पॉझिटिव्ह. किती पॉझिटिव्ह, हे एकाही कागदावर नव्हते. दीड वर्ष ती वेदनाशामक गोळ्यांवर आणि अधूनमधून स्टिरॉइडवर होती.

तालुक्याच्या लॅबमध्ये ही चाचणी बहुधा लॅटेक्सनेच होते. काळ्या स्लाइडवर सीरमचा थेंब, त्याशेजारी लॅटेक्सचा पांढरा थेंब, दोन्ही काडीने मिसळायचे, दोन मिनिटे स्लाइड डोलवायची आणि दाणे धरले का ते पाहायचे. चाचणी स्वस्त आहे, वीज गेली तरी अडत नाही. तिच्यावर माझा राग नाही. पण सीरम दुप्पट, चौपट, आठपट पातळ करत गेलो की त्याच किटवर टायटर मिळते. नेमकी तीच पायरी गर्दीच्या वेळी गाळली जाते, आणि रुग्णाच्या पुढच्या दहा वर्षांबद्दल जे कळू शकले असते ते त्या पायरीबरोबर जाते.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये घरोघर पाहणी केली. त्यात संधिवाताभ आमवाताचे, म्हणजे आरएचे, प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे 0.5 टक्के निघाले. हा आकडा धरून हिशेब करा. सांधे न तपासता सरसकट हजार जणांचे रक्त घेतले, तर खरे रुग्ण पाच, त्यांपैकी तीन-चार या चाचणीत सापडतील. निरोगी माणसांतही साधारण 5 टक्क्यांत हा फॅक्टर मिळतो; म्हणजे आणखी पन्नास जणांच्या हातात 'पॉझिटिव्ह'चा कागद पडणार. क्षय, कुष्ठरोग, हिपॅटायटिस यांतही तो येतो. शिवाय आपल्या विदर्भाने 2006 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये चिकुनगुनिया भोगला आहे. त्यानंतरची सांधेदुखी महिनोन् महिने आमवाताची नक्कल करते. म्हणून आधी हात दाबून पाहा, मग सुई घ्या.

मात्र सूज खरी असेल तर तोच आकडा फार बोलका होतो. 2010च्या एसीआर-यूलार निकषांत आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी जेमतेम वाढलेले असेल तर 2 गुण आहेत, सामान्य मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर 3. दहापैकी सहा गुणांवर वर्गीकरण ठरते, तिथे हा एक गुण पारडे फिरवतो. दोन्ही प्रतिपिंडे चढलेली असतील तर हाडे झिजण्याचा धोका मोठा, आणि उपचारात दिरंगाईला जागा नाही. नेदरलँड्समधल्या रक्तदात्यांचे साठवलेले नमुने तपासून 2004 मध्ये जे प्रसिद्ध झाले, ते मी अजून विसरलेलो नाही: पुढे आमवात झालेल्या 79 जणांपैकी जवळपास निम्म्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे लक्षणांच्या आधीच होती, मध्यक साडेचार वर्षे आधी. अँटी-सीसीपी दर तीन महिन्यांनी करत बसू नका. ते एकदा नीट करावे. पुढची वाटचाल सांध्यांची मोजणी आणि सीआरपी सांगतात. ईएसआर वापरत असाल तर हिमोग्लोबिन शेजारी ठेवून वाचा, कारण नुसत्या ॲनिमियानेही तो चढतो.

ल्युपसची गोष्ट जास्त नाजूक आहे. अँटी-डीएस-डीएनए वाढते आहे आणि सी3, सी4 उतरताहेत, ही मूत्रपिंडाबद्दल इशारा देणारी जोडी. पण ही पूरक प्रथिने उष्णतेत टिकत नाहीत. मे महिन्यात सीरम वेगळे न करता बर्फाविना अकोल्याला किंवा नागपूरला धाडलेल्या नमुन्याचा आकडा भरवशाचा राहत नाही. त्यापेक्षा त्याच दिवशी केलेली लघवीतल्या प्रथिनांची पट्टी अधिक खरे सांगेल. ल्युपस किंवा शोग्रेन असलेली बाई गरोदर असेल तर अँटी-रो विसरू नका. बाळाच्या हृदयातल्या ब्लॉकचा धोका टक्का-दोन टक्केच असतो, पण तो आधी माहीत असला तर गर्भाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवता येते.

वाशिमला 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीझर आणि नव्या सांधेरुग्णांच्या नमुन्यांची नोंदवही सुरू व्हावी, असे मला मनापासून वाटते. भिगवणसारखे काम वऱ्हाडात का होऊ नये? पण आपल्यापैकी लॅब चालवणाऱ्यांना त्यासाठी थांबायचे कारण नाही. उद्याच्या रिपोर्टवर चार गोष्टी छापा: पद्धत, आकडा, एकक, किटची सामान्य मर्यादा.

त्या बाईचे अँटी-सीसीपी मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. छातीचा एक्स-रे, यकृताच्या चाचण्या पाहून आणि मूल नको असल्याची खात्री करून मेथोट्रेक्सेट सुरू केले. ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज घेतली तर जिवावर बेतते, हे तिच्या नवऱ्यालाही समोर बसवून सांगितले. वार लक्षात राहीना, तेव्हा तिनेच तोडगा काढला: "गावचा बाजार असते ना, त्याच दिवशी घेईन." चिठ्ठीवर मी तसेच लिहिले, बाजाराच्या दिवशी.