ब्रेक फेल झाला म्हणे! पण सील कधीपासून गळत होतं?

पोस्ट मोठी आहे. पण मुंबई-आग्रा हायवेवरून तुम्ही-आम्ही रोज जातो, म्हणून पाच मिनिटं काढून वाचा.

४ जुलै २०२३. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात पळासनेरला, याच हायवेवर, एक कंटेनर गाड्यांना उडवत थेट हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. बातम्यांत कारण आलं दोन शब्दांत : ब्रेक फेल.

त्या कंटेनरचं नेमकं काय बिघडलं होतं यावर मी इथे निकाल देत नाहीये. माझा राग या दोन शब्दांवर आहे. वीज पडली, पूर आला, तसा ब्रेक फेल झाला. म्हणजे कुणाचाच दोष नाही. आणि असलाच तर ड्रायव्हरचा.

आडगावच्या ट्रक टर्मिनलवर जा, कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा. तो सांगेल की ब्रेक बहुतेक वेळा एका मिनिटात जात नाही, आठवडे-आठवडे आधी निरोप पाठवत असतो. त्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित निरोप म्हणजे मागच्या एक्सलचं गळणारं ऑइल सील.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी साध्या भाषेत. ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये, क्राऊन-पिनियन बुडेल एवढं जाड गिअर ऑइल असतं. ते चाकाच्या हबमधून ब्रेकच्या ड्रममध्ये जाऊ नये म्हणून रबराची एक गोल कडी बसवलेली असते. तेच ऑइल सील. किंमत काही शे रुपये. हे सील गेलं की ऑइल ड्रममध्ये उतरतं आणि लायनरवर बसतं. लायनरचं काम घासून गाडी थांबवायचं. त्याला तेल पाजल्यावर तो काय थांबवणार?

आता अशी गाडी वीस टन माल घेऊन कसारा घाट उतरायला लागते. एका बाजूचं चाक धरतच नाही. मग सगळा भार दुसऱ्या बाजूवर. तिकडचा ड्रम तापतो, धूर निघतो, तोही धरेनासा होतो. पायाखाली पेडल आहे, टाकीत हवा आहे, पण गाडी थांबत नाही. याला आपण म्हणतो, "अचानक ब्रेक फेल."

अचानक? जोडीतल्या आतल्या टायरवर काळा ओला पट्टा दिसतो. चाकामागे थेंब पडलेले असतात. नव्वद नंबरच्या ऑइलचा वास तर असा की एकदा नाकात गेला की विसरत नाही. हे ड्रायव्हरला दिसतं, क्लीनरला दिसतं, पंक्चरवाल्याला दिसतं, माल भरणाऱ्या हमालालाही दिसतं. दिसत नाही फक्त ज्याच्या हातात गाडी थांबवायची सत्ता आहे त्याला.

बरं, दिसल्यावर होतं काय? गाडी गॅरेजला येते. मालकाचा फोन येतो, "रात्री भरायचीय, लवकर सोड." मग जुगाड सुरू. लायनर डिझेलने धुवायचा, ब्लो लॅम्पने जाळायचा, वरून पॉलिश पेपर मारायचा आणि नवं सील ठोकून गाडी रस्त्यावर. लायनरच्या पोटात मुरलेलं तेल घाटात तापलं की पुन्हा वर येतं.

आणि सील तरी का गेलं, हे कुणी बघितलं? चांगला मिस्त्री आधी हे बघतो की ऑइल नेमकं कुठून येतंय : हबच्या आतून, एक्सलच्या बाहेरच्या फ्लँजच्या पॅकिंगमधून, की पिनियनकडून. मग एक्सलच्या हाउसिंगवरचा ब्रिदर बघतो. चिखलाने तो बुजला की आत तापलेल्या हवेला वाट मिळत नाही आणि ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. ऑइल लेव्हलपेक्षा जास्त भरलंय का, तेही बघतो. चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवतो. बेअरिंगला प्ले असेल तर तुम्ही कितीही महागडं सील बसवा, महिनाभरात पुन्हा गळणार. सील जिथे फिरतं त्या जागेवर नख फिरवून बघतो. चर लागली तर तो भागही बदलायचा. लायनर तेलात भिजले असतील तर फेकायचे, आणि एकाच चाकाचे नाही, दोन्ही बाजूंचे नवे टाकायचे. नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. शेवटी गळून गेलेलं ऑइल भरायचं, नाहीतर सील वाचलं आणि क्राऊन जळालं.

एवढं नीट करायचं तर गाडीचा दिवस जातो. आणि आपल्या धंद्यात या एका दिवसाचे पैसे द्यायला कुणीच तयार नाही.

एक-दोन गाड्यांच्या मालकाची बाजू मला कळते. हप्ता चालू, डिझेल महाग, कंपनीच्या गेटवर गाडी दोन-दोन दिवस उभी, त्याचं भाडं मिळायची मारामार. पण मग सांगा, अंबड-सातपूरच्या ज्या कंपनीचा माल वेळेत पोचायला हवा, पिंपळगाव-लासलगावच्या ज्या व्यापाऱ्याचा कांदा बंदरावर जायला हवा, तो गाडी लावताना भाव विचारतो, वेळ विचारतो. ब्रेक विचारतो का?

आता कायद्याची गंमत बघा. अपघातात माणूस गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे ड्रायव्हरला पाच वर्षांपर्यंत कैद. पळून गेला तर दहा वर्षांची तरतूद. ती सध्या स्थगित आहे, कारण जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हर रस्त्यावर उतरले. मनमाडजवळ पानेवाडीला टँकर उभे राहिले, तेव्हा आपल्या पंपांवर लागलेल्या रांगा आठवा.

आणि धोकादायक गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला काय? मोटार वाहन कायद्याचं कलम १९०. दंड दीड हजार रुपये! त्या दोषामुळे अपघात होऊन कुणी जखमी झालं तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. या कलमात गाडी चालवणारा आहे, तसा चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही आहे. म्हणजे मालकाला धरायची सोय कायद्यात आहे. पण माझ्या हाताखालून गेलेल्या एफआयआरमध्ये ड्रायव्हरचं नाव पहिल्या ओळीत असतं आणि मालकावर हे कलम क्वचितच दिसतं.

"फिटनेस सर्टिफिकेट असतं की!" असतं ना. आठ वर्षांपर्यंतच्या ट्रकला दोन वर्षांचं, त्यापुढे एक वर्षाचं. मशिनवरची तपासणी चांगलीच आहे. डाव्या-उजव्या ब्रेकमधला फरक रोलर पकडतो. जड वाहनांना ती सक्तीची करायची तारीख १ एप्रिल २०२३ ठरली होती, तीही पुढे ढकलली गेली. पण मशीन सांगतं ते त्या दिवसापुरतं. सील पुढच्या महिन्यात गेलं तर उरलेलं वर्षभर खिशातला कागद फिट आणि गाडी अनफिट.

तपास केला तर कारण सापडतं. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलावर एका मालट्रकने अनेक गाड्या ठोकल्या. तेव्हाही आधी ब्रेक फेलच म्हणत होते. नंतर पोलिसांनी सांगितलं की उतारावर इंजिन बंद केलं होतं. मग प्रत्येक अपघातात असं का बघत नाहीत?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. जीवघेण्या अपघातातल्या प्रत्येक ट्रकचे हब उघडून सील, लायनर, ड्रमचे फोटो पंचनाम्यात घ्या.
२. "ब्रेक फेल" लिहिलं की मालकाची देखभालीची बिलंही तपासात जप्त करा.
३. ड्रायव्हरने गळतीची लेखी तक्रार केली आणि तरी गाडी पाठवली, तर कलम १९० मालकावर लावा.
४. माल भरणाऱ्या कंपन्यांनी गेटवर टायर आणि ब्रेक बघूनच गाडी आत घ्यावी. हेल्मेट नसलेल्या माणसाला गेटवर अडवता, मग गळणारा ट्रक कसा चालतो?

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. लाखो माणसं याच रस्त्यांनी येणार. रस्ते रुंद होतील, पूल होतील, उद्घाटनं होतील. त्या रुंद रस्त्यावर तेल पाजलेले ब्रेक घेऊन ट्रक जास्त जोरात धावतील, एवढाच फरक पडेल.

पुढच्या वेळी बातमीत "ब्रेक फेल" वाचलंत की खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न टाका : सील कधीपासून गळत होतं, आणि ते कुणाकुणाला माहीत होतं?

पटलं तर शेअर करा. ट्रकमालक मित्रांनी शिव्या घालायच्या असतील तर जरूर घाला, पण आधी आपल्या गाडीच्या मागच्या जोडीचा आतला टायर बघून या.