आईचा गुडघा आणि ग्रीसची सहल



तारनाक्यात बातमी मेट्रोपेक्षा वेगाने पोहोचते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिघींनी मला गाठून विचारलं, "काय गं, ग्रीसला निघालात म्हणे!" हो, निघालो आहोत. मे महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला ४५ वर्षं होतात, म्हणून जर्मनीतला दादा आणि मी, दोघांनी मिळून पैसे बाजूला टाकले होते. दादाचं म्हणणं होतं, "या वेळी काटकसर नाही. एकदाच जायचं, तर थाटात जायचं."

त्याचा पहिला आराखडा तसाच थाटाचा होता. नऊ रात्रींत अथेन्स आणि चार बेटं, प्रत्येक ठिकाणी समुद्रासमोरची खोली, खोलीला लागून छोटासा पोहण्याचा हौद. कौटुंबिक ग्रुपवर तो रोज एक व्हिडिओ टाकायचा. आई प्रत्येक व्हिडिओवर अंगठा दाखवायची. बाबा एकच प्रश्न विचारायचे, "यात जुनं काय बघायचं आहे?"

बाबांच्या या प्रश्नाला कारण आहे. आमचं मूळ गाव तेरजवळचं. तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली, 'पेरिप्लस' नावाने ती ओळखली जाते. त्यात पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं 'तगर' आहे. तगर म्हणजेच आपलं तेर. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई आणि तिथून जहाजांनी पश्चिमेला. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आजही बघायला मिळतात. बाबा म्हणतात, "आपला माल दोन हजार वर्षांपूर्वीच तिकडे गेला. माणसांनीच उशीर केला."

सगळं ठरत आलं होतं. मग एके दिवशी आमच्या अपार्टमेंटच्या वॉचमनने मला थांबवून विचारलं, "मॅडम, लिफ्ट चालू असताना अम्मा रोज दुपारी जिन्याने का चढतात? चार-चार वेळा, पायऱ्या मोजत?"

मी घरी येऊन आईला विचारलं. आधी तिने विषय टाळला. मग म्हणाली, "दादाच्या त्या व्हिडिओत नाही का, सँटोरिनीच्या बंदरावरून वर गावात जायला सहाशे पायऱ्या आहेत. सवय करतेय. माझं चारशेपर्यंत आलंय." साडी जरा वर केली तर उजवा गुडघा सुजून लाल झालेला. दोन आठवडे ती रात्री शेकत होती आणि आम्हाला बोलली नव्हती. "तुम्ही एवढा खर्च करताय. माझ्यापायी सगळ्यांना खाली थांबायला लागलं तर?"

मला रागही आला आणि स्वतःची लाजही वाटली. आम्ही तीन महिने आई-बाबांच्या सहलीची तयारी करत होतो आणि तुला काय झेपेल, तुला काय बघायचंय, हे तिला एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगितले. सपाटीवर चालायचं, मांडीचे व्यायाम करायचे, प्रवासाला हरकत नाही. त्या रात्री दादाला फोन लावला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पहिला आराखडा फाडून टाक."

यातली खरी गंमत पुढे कळली. त्या सहाशे पायऱ्या फिराच्या जुन्या बंदराच्या, आणि तिथे मुख्यतः क्रूझवरचे प्रवासी छोट्या होड्यांनी उतरतात. त्यांच्यासाठीही केबल कार आहेच. अथेन्सहून येणारी मोठी फेरी अथिनिओस या दुसऱ्या बंदराला लागते आणि तिथून थेट गाडीरस्ता आहे. म्हणजे ज्या पायऱ्यांसाठी आईने गुडघा सुजवला, त्या आमच्या वाटेवर नव्हत्याच!

नवा आराखडा आम्ही चौघांनी एकत्र बसून केला, दादा-वहिनी व्हिडिओ कॉलवर. आपल्यापैकी कुणी आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना घेऊन जाणार असेल, तर उपयोगी पडेल म्हणून सांगते.

पहिलं म्हणजे बेटं कमी केली. अथेन्स चार रात्री, नॅक्सोस चार, सँटोरिनी तीन आणि परतीच्या विमानाआधी पुन्हा एक रात्र अथेन्स. ही शेवटची रात्र गाळू नका. एजियन समुद्रात वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, आणि संपही होतात. बेटावर अडकलात तर विमान थांबत नाही. बोट लागणाऱ्यांनी छोट्या वेगवान बोटीऐवजी मोठी फेरी घ्यावी. वेळ जास्त लागतो, पण हलतं कमी.

दुसरं, हौदाच्या खोल्या सोडल्या. सँटोरिनीत ज्वालामुखीच्या कड्यावर टांगलेल्या खोल्या फोटोत देखण्या दिसतात, पण बहुतेक ठिकाणी खोलीपर्यंत जायलाच अरुंद पायऱ्या असतात. आम्ही गाडी दारापर्यंत येईल असं हॉटेल घेतलं. वाचलेल्या पैशांत सगळीकडे खाजगी गाडी आणि दोन दिवस गाइड ठेवला. हॉटेलच्या भाड्याशिवाय ग्रीसमध्ये दर खोलीला दर रात्री सरकारी शुल्कही असतं, एप्रिल ते ऑक्टोबर पंचतारांकित हॉटेलात ते १५ युरो आहे. ते धरूनच हिशेब करा.

तिसरं, अ‍ॅक्रोपोलिस. तिकीट ३० युरो आणि प्रवेशाची वेळ ठरवूनच घ्यावं लागतं. आम्ही सकाळची पहिली वेळ घेणार आहोत. उन्हाळ्यात फार तापलं तर दुपारी ते चक्क बंद ठेवतात. ज्यांना चालायला त्रास आहे त्यांच्यासाठी उत्तरेच्या बाजूने लिफ्ट आहे, हे आईला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. जोराचा वारा असला तर ती लिफ्ट बंद असते, म्हणून अथेन्समध्ये एक दिवस मोकळा ठेवलाय.

चौथं, सगळ्यांनी सगळीकडे जायलाच हवं असं नाही. बाबांना डेलॉस बघायचंय. अपोलोचं जन्मस्थान मानलेलं हे बेट. इसवी सनपूर्व ४२६ मध्ये अथेन्सवाल्यांनी तिथल्या कबरी हलवल्या आणि यापुढे या बेटावर कुणी जन्मायचं नाही की मरायचं नाही असा नियम केला! आजही प्रवाशांना तिथे रात्री राहता येत नाही. पण तिथे सावली जवळजवळ नाही आणि वाट दगडांची. म्हणून नॅक्सोसहून बाबा, दादा आणि वहिनी दिवसभरासाठी तिकडे जातील, आई आणि मी गावाजवळच्या उथळ किनाऱ्यावर. आईला काय हवं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहायचंय. बास."

सँटोरिनीत अक्रोतिरी मात्र सगळे मिळून बघणार. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं हे गाव १९६७ पासून उत्खननातून बाहेर आलं. दुमजली-तिमजली घरं, सांडपाण्याची गटारं, सगळं आहे, पण तिथे माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. धोका ओळखून लोक आधीच निघून गेले असावेत. वर छप्पर आहे आणि फिरायला सपाट मार्ग आहेत. म्हणजे बाबांचं जुनं आणि आईचा गुडघा, दोन्ही सांभाळलं जातं.

व्हिसाचंही सांगून टाकते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मोठ्यांची फी ९० युरो आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी वेळ मिळणं कठीण, त्यामुळे जानेवारीतच हात घाला. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. सँटोरिनीचा 'फावा' म्हणजे आपलं घट्ट वरणच, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. मेथीचे ठेपले तरीही बॅगेत असतीलच.

सध्या आई-बाबा रोज सकाळी उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात सपाट रस्त्यावर फिरतात. आर्ट्स कॉलेजपर्यंत जायचं, बाकावर बसायचं, परत यायचं. सूज उतरली आहे. वॉचमनकडून मी अजून अधूनमधून बातमी काढते, जिना बंद आहे.

काल हा लेख आईला वाचून दाखवला. गुडघ्याचं सगळ्यांना कशाला सांगतेस म्हणून ती आधी रागावली. मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून म्हणाली, "राहू दे. पण शेवटी एवढं लिही, की म्हाताऱ्यांना आधी विचारा आणि मग तिकिटं काढा. आणि आम्हा म्हाताऱ्यांनाही सांग, दुखतंय तर बोला."

लिहिलं, आई.