विश्लेषण : कारचा एसी घरीच काढला, तर त्यातल्या गॅसचे काय होते?

जुन्या कारचा एसी बंद पडला की दुरुस्तीचा खर्च ऐकून काही जण तो काढूनच टाकण्याचा विचार करतात. काहींना वजन कमी करून इंधन वाचवायचे असते. चार बोल्ट आणि दोन पाइप सोडवले की काम झाले, असे वाटते. पण त्या पाइपांत कोंडलेला गॅस जगभरच्या हवामान वाटाघाटींचा विषय आहे.

एसीमध्ये नेमके काय असते?

इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर, रेडिएटरपुढचा कंडेन्सर आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल यांच्यामधून गॅस दाबाखाली फिरतो. भारतातील बहुसंख्य कारमध्ये तो ‘आर-१३४ए’ असतो. लहान कारमध्ये तो साधारण अर्धा किलो भरतो. एसी गार करत नाही म्हणजे गॅस संपला, असे मानणे चूक ठरते. बिघाड कॉम्प्रेसरचा किंवा वायरिंगचा असेल, तर गॅस आतच असतो.

पाइप थेट सोडवला तर?

हा गॅस उणे २६ अंश सेल्सियसला उकळतो. जोड सैल होताच तो जोराने बाहेर येतो. त्वचेवर किंवा डोळ्यांत गेल्यास हिमदाह होऊ शकतो. बंद गॅरेजमध्ये तो जमिनीलगत साठून श्वास कोंडू शकतो, तर ज्वाळेच्या संपर्कात त्यापासून विषारी वायू तयार होतात.

पर्यावरणाची हानी किती?

पूर्वीचा ‘आर-१२’ ओझोन थराला मारक होता. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याची जागा ‘१३४ए’ने घेतली. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता अडवतो. म्हणजे अर्धा किलो गॅस सोडणे हे सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. तीनशे लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण तेवढाच बाहेर पडतो. त्यामुळे इंधन वाचवण्यासाठी एसी काढणाऱ्याचे गणित पहिल्याच मिनिटात उलटते. शिवाय बहुतेक जुन्या कारमध्ये एसी बंद असताना कॉम्प्रेसरची फक्त पुली फिरते, त्यामुळे बचत मुळातच किरकोळ असते.

कायदे काय सांगतात?

अमेरिकेत हा गॅस जाणूनबुजून हवेत सोडण्यास १९९५पासून मनाई आहे. मोबदला घेऊन एसीचे काम करणाऱ्या मेकॅनिकला तिथे प्रमाणपत्र आणि गॅस ओढून घेणारे मान्यताप्राप्त यंत्र लागते. युरोपीय महासंघात २०१७पासून नव्या कारमध्ये ‘१३४ए’ चालत नाही.

भारताने २०१६च्या किगाली दुरुस्तीला २०२१मध्ये मान्यता दिली. त्यानुसार या गटातील रसायनांचा वापर २०२८मध्ये गोठवायचा आणि २०४७पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. मात्र हे बंधन देशाच्या एकूण वापरावर आहे. एखाद्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये सैल केलेला जोड त्यात दिसत नाही. म्हणूनच २०१९च्या ‘इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन’मध्ये एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले गेले. कागदावरचा करार प्रत्यक्षात उतरतो तो त्यांच्याच हातून.

मग एसी काढायचाच असेल तर?

आधी रिकव्हरी मशीन असलेल्या गॅरेजमध्ये गॅस काढून घ्यावा. हा गॅस शुद्ध करून पुन्हा वापरता येतो. त्यानंतर सुटे भाग काढणे हे साधे यांत्रिक काम उरते, तरी दोन अडचणी राहतात. अनेक कारमध्ये एकच बेल्ट कॉम्प्रेसर, अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप फिरवतो; कॉम्प्रेसर काढल्यास योग्य मापाचा दुसरा बेल्ट किंवा मोकळी फिरणारी पुली लावावी लागते. कूलिंग कॉइलसाठी डॅशबोर्ड उघडावा लागतो आणि तिथेच एअरबॅग असतात. कॉइल जागेवरच ठेवून तिची तोंडे बंद केली तरी चालते.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक कारमध्ये मात्र हा उद्योग करूच नये. तिथे कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि अनेकदा बॅटरीही तीच यंत्रणा थंड ठेवते.

साध्या कारमध्येही एसी हवेतील ओल शोषतो. तो नसेल, तर पावसाळ्यात घाट चढताना काचेवर धरणारे धुके लवकर हटत नाही. त्यामुळे मोजायचा खर्च केवळ दुरुस्तीच्या बिलाचा नसतो.