एकोणीस आणि सहा

यशाचे आकडे सगळेच मोजतात. वजन कोण करतो?

तैवानच्या ताइनानमध्ये १९८० साली जन्मलेला वांग च्येन-मिंग हा बेसबॉलमधला पिचर, म्हणजे गोलंदाज. न्यूयॉर्क यांकीजकडून त्याने २००६ आणि २००७, दोन्ही वर्षी एकोणीस-एकोणीस विजय मिळवले. त्यांच्या लीगमध्ये पिचरला फलंदाजी नसे. जून २००८ मध्ये ह्यूस्टनला मात्र यजमानांचा नियम निराळा; त्याला पळावे लागले. धाव मिळाली, पण उजवे पाऊल जायबंदी झाले! पुढे खांदाही दुखावला.

तरी गडी लहानमोठ्या संघांचे उंबरठे झिजवीत राहिला. २०१६ साली, छत्तिशीत, कॅन्सस सिटीकडून सहा विजय पुन्हा त्याच्या नावावर लागले.

गुण मोजण्यात निम्मा जन्म घालवलेल्या या मास्तराला विचाराल, तर एकोणिसांहून ते सहाच जड!