पाण्याची गोष्ट आणि तिचा हिशेब

पर्यावरणसंस्थेचे काम जितके शिवारात चालते, तितकेच ते लोकांच्या मनातही चालते. शिवारातल्या कामाला आपण आनंदाने देणगी देतो. मनातल्या कामाला मात्र ‘प्रसिद्धी’ ठरवून बाजूला सारतो. या सदराखाली खर्च दिसला की विश्वस्तांच्या भुवया उंचावतात. आपल्या रहिमतपूरच्या तालुक्याचा अनुभव निराळा आहे.

२०१६ साली पानी फाउंडेशनने पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी तीन तालुके निवडले : वरूड, अंबाजोगाई आणि आपला कोरेगाव. प्रत्यक्ष खोदकाम गावकऱ्यांनी करावयाचे होते. संस्थेने आपल्याकडे घेतले ते शिकवण्याचे आणि सांगण्याचे काम. ‘पाणी वाचवा’ असा मोघम उपदेश तिने केला नाही. माथ्यावरचे पाणी पायथ्यापर्यंत कसे अडवावे, शोषखड्डा कसा घ्यावा, श्रमदान किती, मुदत कोणती, गुण किती, हे सारे ठरलेले होते. त्या वर्षी पहिला आलेला वेळू हा आपल्याच तालुक्यातला गाव. बक्षीस ५० लाख रुपयांचे. पुढे ‘तुफान आलंया’ हा कार्यक्रम अनेक मराठी वाहिन्यांवरून घरोघरी पोहोचला. श्रमदान करणाऱ्या गावांना भारतीय जैन संघटनेने यंत्रे दिली, हेही येथे नमूद केले पाहिजे. नंतर आलेला ‘आगपेटीमुक्त शिवार’ हा शब्द तर मला फार आवडतो. पालापाचोळा का जाळू नये यावरचे लांबलचक भाषण त्या दोन शब्दांनी वाचवले!

तथापि एक उणीव अशा बहुतेक उपक्रमांच्या सांगण्यात राहते. उन्हाळ्यातील श्रमदानाची चित्रे पुष्कळ असतात. त्यानंतरच्या विहिरींची क्वचितच. चर कितपत उपयोगी पडले, हे समजते पावसाळा सरल्यावर आणि पुढच्या मार्चमध्ये. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. संस्थेने आपले सांगण्याचे वेळापत्रक त्याच धर्तीवर आखावे : तीच विहीर, तीच जागा, छायाचित्रावर तारीख, आणि शेजारी त्या वर्षीच्या पावसाचा आकडा. हा आकडा नसेल, तर चांगल्या पावसाचे श्रेय बांधाच्या खात्यावर जमा होते. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला ही चूक समजावून सांगावी लागत नाही.

डोक्यावर हंडा घेतलेल्या मुलीचे छायाचित्र देणगीपत्रकावर छापण्याची प्रथाही आता पुरे झाली. तिच्या आईवडिलांची संमती कोणी घेतलेली असते? त्याच जागी आपल्या गटातील बांध दाखवणारा शेतकरी अधिक शोभेल.

तेव्हा यंदा एखादी संस्था मदतीसाठी दुकानी आली, तर नव्या कामाच्या चित्रांबरोबर तीन वर्षांपूर्वीच्या बांधाचे आजचे छायाचित्रही मागावे. त्यात गाळ साचलेला दिसला, तर पहिली देणगी तो काढण्यासाठी द्यावी.