उमेदवार सगळ्यांना ‘हो’ म्हणतो, मग ‘नाही’ कुणाला?

विधानसभेला उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल आपल्याला काय काय कळतं बघा. शिक्षण, गाड्या, सोनं, जमिनी, बायकोच्या नावावरचा फ्लॅट, डोक्यावरचं कर्ज, अंगावरच्या केसेस. फॉर्म 26 नावाच्या शपथपत्रात हे सगळं भरावंच लागतं. सुप्रीम कोर्टाच्या 2002 च्या निकालानंतर ही माहिती जाहीर करणं सक्तीचं झालं आणि आता ती मोबाइलवर डाउनलोडही होते. पण पाणी, ट्रॅफिक, नोकऱ्या यांबद्दल साहेबांचं मत काय? त्यासाठी मात्र त्या शपथपत्रात एकही रकाना नाही.

बरं, पक्षावरून अंदाज बांधावा, तर आपल्या पट्ट्यात तेही जमत नाही. चिंचवडचे दिवंगत आमदार लक्ष्मण जगताप 2009 मध्ये अपक्ष निवडून आले. 2014 मध्ये त्यांनी मावळची लोकसभा शेकापकडून लढवली आणि ते हरले. त्याच वर्षी भाजपकडून विधानसभा जिंकले. राहुल कलाटे 2014 मध्ये शिवसेनेचे उमेदवार होते, 2019 आणि 2023 मध्ये अपक्ष, 2024 मध्ये शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे. भोसरीचे महेश लांडगे आधी अपक्ष, मग भाजप. चिन्हं बदलत गेली, प्रश्न मात्र तेच राहिले. म्हणजे चिन्ह बघून भूमिका कळेल, हे विसरा.

उरला जाहीरनामा. निवडणुकीच्या सीझनला मी पत्रकं गोळा करते. सवयच लागलीय. उमेदवाराचं नाव झाकून वाचली तर कुठलं कुणाचं, ओळखू येत नाही. सगळ्यांना मुबलक पाणी द्यायचंय, ट्रॅफिक सोडवायचंय, भूमिपुत्रांना नोकऱ्या द्यायच्यात. सगळीकडे ‘हो’. पण धोरण म्हणजे कुणाला तरी ‘नाही’ म्हणणं असतं. म्हणून मी आता तेवढंच शोधते.

पाण्याचंच घ्या. पिंपरी-चिंचवडचं पाणी पवना धरणातून नदीत सोडतात आणि रावेतला उचलतात. ते थेट धरणातून बंद पाइपमधून आणायचं, ही जुनी योजना. शहराच्या दृष्टीने एकदम लॉजिकल. पण नदीकाठच्या मावळातल्या शेतकऱ्यांनी विचारलं, मग आमच्या शेतीचं काय? 9 ऑगस्ट 2011 ला एक्स्प्रेस-वेवर बऊरजवळ आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तीन जण गेले. काम थांबलं. तेव्हा महापालिका राष्ट्रवादीकडे होती, 2017 मध्ये ती भाजपकडे गेली, पण शहराची मागणी तीच राहिली. 2019 च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी सुरू झालं. 2023 मध्ये सरकारने योजनेवरची स्थगिती उठवली. तेव्हा ‘पाणी आणणार’ ही भूमिका झाली नाही. कुणाच्या वाट्याचं आणणार, आणि त्याला मोबदल्यात काय देणार, हे सांगितलं तर ती भूमिका.

‘भूमिपुत्र’ हाही असाच गोंडस शब्द. राज्याच्या औद्योगिक धोरणात 80 टक्के स्थानिकांना नोकरीची अट आहे, पण तिथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी. चाकणच्या चौकात विचारा, तिथे भूमिपुत्र म्हणजे ज्याची जमीन एमआयडीसीत गेली तो. मग लातूरहून आयटीआय करून आलेला, कंत्राटावर लाइनवर उभा असलेला पोरगा कोण? कागदावर आत, बोलण्यात बाहेर. उमेदवार भाषणात दोघांकडून टाळ्या घेतो. कुणाला धरून बोलतोय, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गंमत अधिकारांची. 2024 च्या नोव्हेंबरात मतदान झालं तेव्हा शहरात एकही नगरसेवक नव्हता. मुदत 2022 मध्येच संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. साहजिकच आमदारकीच्या प्रचारात गटारं आणि पथदिवे आले. उलट देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा रेड झोन येतो संरक्षण खात्याकडे, 1903 च्या कायद्याखाली. तिथे आमदार फार तर पाठपुरावा करू शकतो. ‘रेड झोन मीच हटवणार’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: दिल्लीत कुणाच्या टेबलावर, साहेब?

शास्तीकर मात्र खरोखर राज्याचा विषय. गुंठा-अर्धा गुंठा घेऊन कामगारांनी बांधलेल्या विनापरवाना घरांवर 2008 च्या कायद्याने मिळकतकराच्या दुप्पट दंड बसला. पुढच्या कितीतरी निवडणुका त्याच्या माफीवर लढल्या गेल्या. चिंचवडच्या पोटनिवडणुकीचा निकाल 2 मार्च 2023 ला लागला आणि त्याच महिन्यात माफीचा आदेश निघाला. लोकांना दिलासा मिळाला, हे मान्यच. पण दंड माफ झाला म्हणून घर अधिकृत झालं नाही. ते नियमित कसं होणार आणि रस्त्याच्या आरक्षणात येणाऱ्याला कोण ‘नाही’ सांगणार, यावर पत्रकं गप्प.

आणि आपण, ऑफिसवाले? वाकडला राहून हिंजवडीला जाणाऱ्याचं मत चिंचवडमध्ये, पण त्याचं ऑफिस भोर मतदारसंघात. मोशीला राहून चाकणला जाणारा मत देतो भोसरीत, अडकतो खेड-आळंदीत. लोकसभेत तर चिंचवड मावळला, भोसरी आणि खेड-आळंदी शिरूरला, भोर बारामतीला. ज्या रस्त्यावर रोज आपला तास-दीड तास जातो, त्याच्या अर्ध्या भागाच्या आमदाराला आपल्या मताची गरजच नाही. मग तो आपल्या जॅमबद्दल भूमिका घेईल कशाला? म्हणून घराजवळच्या उमेदवारालाच विचारायचं: हद्दीपलीकडच्या आमदाराबरोबर बसून काय करणार?

पुढच्या वेळी सोसायटीत हात जोडून कुणी आलं की सेल्फीच्या आधी तीन प्रश्न टाका. हे तुमच्या हातात आहे की दुसऱ्याच्या? यात कुणाचं नुकसान होणार? त्याला तोंडावर सांगाल का?

उत्तर पटलं नाही तरी चालेल. निदान एक भूमिका तरी ऐकायला मिळेल.